जुन्या इंजेक्शन गाडीचा पिकअप वाढवायचाय? आधी हवेचा हिशेब समजून घ्या

२०२५ मध्ये देशभरातल्या पंपांवर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आणि जुन्या गाडीवाल्यांची एक तक्रार कोल्हापुरातही जोर धरू लागली: गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. झेन, एस्टीम, सँट्रो, वॅगन आर, जुनी होंडा सिटी, पहिली स्विफ्ट. एमएच-०९ च्या या गाड्या आजही शहरात आणि तालुक्याच्या रस्त्यांवर रोज पळतायत. कित्येकांनी पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलंय, कारण गाडी घरची आहे, बॉडी ठणठणीत आहे आणि नव्या गाडीचा हप्ता नको आहे.

मग पुढचा प्रश्न येतोच. याच इंजिनातून आणखी ताकद काढता येईल का? गॅरेजांच्या उद्यमनगरात विचारलं तर एक जण रिमॅप (गाडीच्या संगणकातले आकडे बदलणं) सांगतो, दुसरा मोठा फिल्टर, तिसरा फ्री-फ्लो सायलेन्सर. मोबाइलवर स्वस्तातली ‘पॉवर चिप’ दिसत असतेच. यातलं कशात दम आहे हे ओळखायला इंजिनाचा एक मूळ नियम नीट कळला की पुरे. माझं म्हणणं आधीच सांगतो: दहा-पंधरा वर्षं पळालेल्या गाडीत ताकद वाढवण्याआधी हरवलेली ताकद परत मिळवायची असते, आणि बहुतेकांना तेवढीच पुरते.

## टॉर्क आणि बीएचपी

गाडीच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात. टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ, ती न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. बीएचपी म्हणजे ती ओढ इंजिन किती वेगानं फिरत असताना देतंय याचा गुणाकार. एक बीएचपी म्हणजे सुमारे ७४६ वॅट. ओढ तेवढीच ठेवून इंजिन दुप्पट फेऱ्यांवर नेलं तर बीएचपीही दुप्पट.

हा फरक आपल्याकडे महत्त्वाचा आहे. वैभववाडीहून करूळ घाटात, आंबा घाटात किंवा पन्हाळ्याच्या चढाला लागल्यावर आपण इंजिन क्वचितच मिनिटाला ६,००० फेऱ्यांना नेतो. दोन ते साडेतीन हजारांतच गाडी असते. तिथे कामाला येते ती ओढ. त्यामुळे ‘दहा बीएचपी वाढले’ असं कुणी सांगितलं की पहिलं विचारायचं, कितव्या फेऱ्यांना वाढले? सहा हजारांच्या पुढे मिळणारे दहा बीएचपी घाटात तुमच्या वाट्याला येतच नाहीत.

## इंजिनाला पेट्रोल नाही, हवा कमी पडते

गुऱ्हाळावर गेलेल्याला हे चटकन कळेल. काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं कोंबणं सोपं असतं. पण हवा खेळती नसेल तर जास्त चिपाडं टाकून जाळ वाढत नाही, नुसता धूर होतो. जाळ घालणारा जाणता माणूस चिपाडं कमीच घालतो, पण हवा वाहती ठेवतो. इंजिनाचंही अगदी तसंच आहे. पेट्रोल हवं तेवढं आत फवारता येतं, पण ते जळायला लागणारी हवा सिलिंडरच्या मापापेक्षा फारशी जास्त मावत नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. पूर्ण ताकद हवी असते तेव्हा मिश्रण थोडं श्रीमंत, म्हणजे साडेबारा-तेरा किलो हवेला एक किलो पेट्रोल असं ठेवतात. त्याहून जास्त पेट्रोल टाकलं तर ताकद उलट उतरते.

१.३ लिटरच्या इंजिनाचा हिशेब करून बघू. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेतं. म्हणजे ६,००० फेऱ्यांना मिनिटाला जास्तीत जास्त ३,९०० लिटर. प्रत्यक्षात फिल्टर, पाइप, व्हॉल्व्ह यांच्या अडथळ्यांमुळे ८५ टक्क्यांच्या आसपास भरलं असं धरलं तर ३,३०० लिटर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच असल्यामुळे इथली हवा थोडी विरळ. एका घनमीटरचं वजन १.१ किलोच्या आसपास. म्हणजे मिनिटाला साडेतीन किलोच्या वर हवा आणि पाव किलोच्या थोडं वर पेट्रोल. यातून ऐंशीच्या घरात बीएचपी निघतात. एवढ्या मापाच्या बिनटर्बोच्या (टर्बो म्हणजे जादा हवा आत ढकलणारा पंखा) साध्या इंजिनाचा आवाका हाच आहे.

उंचीचा फटका तर फुकटच बसतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्का घटते. मुंबईत ८५ बीएचपी देणारं इंजिन कोल्हापुरात आलं की पाच-साडेपाच टक्के हलकं होतं, पन्हाळ्यावर नऊ-दहा टक्के. तो मिस्त्रीचा दोष नाही.

हवेचा नियम किती पक्का आहे याचा पुरावा मारुतीनंच दिलाय. मारुती ८०० मध्ये कार्ब्युरेटरच्या जागी नुसतं इंजेक्शन, म्हणजे संगणकानं मोजून पेट्रोल फवारणं, आलं तेव्हा ताकद ३७ बीएचपीच्या आसपासच राहिली. प्रत्येक सिलिंडरला दोनऐवजी चार व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण बारा व्हॉल्व्हचं इंजिन आलं तेव्हा ती ४५ झाली. एस्टीम कार्ब्युरेटरवर ६५ द्यायची, इंजेक्शनवर ८५ द्यायला लागली. तिथेही श्रेय सोळा व्हॉल्व्हना जास्त. इंजेक्शननं पेट्रोल नेमकं मोजून दिलं, पण जास्तीची हवा व्हॉल्व्हनी आत घेतली.

## इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल ठरवतं कोण?

ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक. तो काही सेन्सरांकडून माहिती घेतो: किती हवा आत गेली, ती किती गरम आहे, थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप, किती उघडला, इंजिन किती तापलं, फेरे किती. त्यावरून इंजेक्टर किती हजारांश सेकंद उघडा ठेवायचा आणि प्लगला ठिणगी कधी द्यायची हे तो आत साठवलेल्या तक्त्यात बघतो. या तक्त्यालाच मॅप म्हणतात.

सायलेन्सरच्या सुरुवातीला ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून बाहेर पडलेल्या वायूत ऑक्सिजन उरलाय की नाही ते तो सांगतो. उरला असेल तर पेट्रोल कमी पडलं, ईसीयू पुढच्या वेळी जास्त देतो. ही दुरुस्ती टक्क्यांत नोंदली जाते, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. मात्र अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल तळाला दाबलं की बहुतेक जुन्या गाड्यांचा ईसीयू त्या क्षणी ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही. मॅपमधला आकडा आणि आधी शिकलेली दुरुस्ती यांवर चालतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

## आधी हरवलेली ताकद शोधा

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा, आणि याच कामाला लोक सगळ्यात कमी वेळ देतात. ८५ बीएचपीची गाडी पंधरा वर्षांत ७० वर आली असेल तर रिमॅप करून तिला ७४ वर न्यायचं की दुरुस्त करून ८० वर, हा साधा प्रश्न आहे.

सुरुवात कंप्रेशनपासून, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते बघण्यापासून. प्लग काढून त्या जागी गेज लावायचं, पॅडल पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहायचा. बहुतेक पेट्रोल इंजिनांत तो १२ ते १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर येतो. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर एकसारखे आहेत का हे बघा. तीन सिलिंडर तेरावर आणि एक साडेनऊवर असेल तर कुठलाही रिमॅप ते भरून काढणार नाही. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर रिंगा गेल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट फुटलंय. व्हॉल्व्ह असतील तर हेड उतरवून लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर घासून बसवणं. कोल्हापूरकरांचं इथे नशीब चांगलं आहे. पिस्टन आणि बेअरिंग शिरोली, गोकुळ शिरगावात बनतात आणि हेडचं काम जाणणारे हात उद्यमनगरात पिढ्यान् पिढ्या आहेत. इथल्या यंत्रउद्योगाचा पाया घालणारे म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावं या गावात आजही आदरानं घेतली जातात ती उगाच नाही.

कंप्रेशन चांगलं निघालं तर काढलेले प्लग उजेडात धरून बघा. टोकाचा पांढरा चिनीमातीचा भाग फिकट तपकिरी, विटकरी दिसला तर जळण नीट आहे. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढराफटक आणि बारीक फोड आल्यासारखा दिसला तर पेट्रोल कमी पडतंय किंवा प्लग चुकीचा आहे. चार प्लगांपैकी एकाचाच रंग वेगळा असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर किंवा कॉइल तपासा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि महागड्या स्कॅनरपेक्षा जास्त सांगून जातं.

स्कॅनर लावलाच तर फ्युएल ट्रिम वाचून घ्या. नुसता ‘एरर नाही’ एवढा निकाल ऐकून उठू नका. लांब पल्ल्याचा ट्रिम उणे पाच ते अधिक पाच टक्क्यांत असेल तर छान. अधिक पंधरा दिसत असेल तर ईसीयू मॅपपेक्षा पंधरा टक्के जास्त पेट्रोल देऊन कशीबशी वेळ निभावतोय. त्यामागे इंजेक्टर चोंदलेत, पंपाचा दाब उतरलाय किंवा थ्रॉटलच्या पुढे कुठल्या फाटक्या नळीतून न मोजलेली हवा आत येतेय. पंपाचा दाब गेजनं मोजता येतो, अशा बऱ्याच गाड्यांत तो तीन बारच्या आसपास असतो. जुन्या गाडीला स्कॅनर जोडायचं नेहमीचं ओबीडी सॉकेट नसलं तरी कंपनीचा वेगळा सॉकेट असतो आणि जुनी गॅरेजं तो वाचू शकतात.

थ्रॉटल बॉडी उघडली की फुलपाखरासारख्या झडपेच्या कडेला काळा चिकट थर दिसतो. इंजिनातल्या ऑइलची वाफ आणि धूळ मिळून तो बनतो. साफ केल्यावर आयडलिंग सुधारतं आणि हलक्या पायाला गाडी लगेच प्रतिसाद देते. म्हणून ताकद वाढल्यासारखी वाटते. पूर्ण पॅडलवरची ताकद यानं वाढत नाही, हेही खरं. तरी करण्यासारखं काम आहे. मात्र झडप मोटरवर चालणारी असेल तर ती बोटानं रेटू नका.

सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणारा भाग, हा लपलेला चोर. आत जाळीदार मडक्यासारखा भाग असतो, त्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियमचा मुलामा. गाडी बरेच दिवस मिसफायर करत, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण मधूनमधून न पेटता, चालवली तर न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन जळतं आणि जाळी वितळून चोंदते. लक्षण ठरलेलं: आयडलिंग ठीक, गावात गाडी बरी, पण तीन हजारांच्या वर गळा दाबल्यासारखी. ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात दाबाचं गेज लावून अडीच हजार फेऱ्यांना ०.२ बारच्या वर आकडा आला तर कन्व्हर्टर संशयित. दोष सापडला तर नवा बसवा. आतली जाळी फोडून नळी रिकामी करू नका, त्यानं पीयूसीत गाडी अडकते आणि मिसफायरचं मूळ कारण तसंच राहतं.

आणि इंजिनाबाहेरचंही बघा. घाटात फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट सरकतेय. दहा किलोमीटर पळवल्यावर एकाच चाकाजवळ गरम वाफारा लागतो, तर ब्रेक चिकटलाय. हौसेनं मोठे अलॉय आणि रुंद टायर टाकले असतील तर ओढ तिथेच गेली. टाइमिंग बेल्ट बदलताना एक दात चुकला तरी गाडी चालू राहते, फक्त मरगळते. टॅपेट जास्त घट्ट झाले असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत आणि गरम इंजिनात कंप्रेशन गळतं.

## मग दोष ई-२० चा नाहीच का?

ज्या जिल्ह्यात साखर कारखाने इथेनॉल बनवतात तिथे हा विषय नुसता तांत्रिक राहत नाही, हे मला मान्य आहे. पण गणित बघा. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे ई-२० च्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के ऊर्जा कमी. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के घटेल असं नमूद होतं. तेव्हा अ‍ॅव्हरेज कमी होणार, हे खरंच आहे.

ताकदीचं गणित वेगळं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते: किलोला नऊ किलो. ई-२० चं प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळवता येतं आणि ताकद जवळपास तेवढीच राहते. अट एकच, इंजेक्टरनं ते जास्तीचं इंधन दिलं पाहिजे. धडधाकट गाडीत ऑक्सिजन सेन्सर आणि ट्रिम हे काम करून टाकतात. पण ज्या गाडीचा ट्रिम आधीच पंधरावर होता तिला आणखी काही टक्के जोडायला जागाच उरत नाही. मग पूर्ण पॅडलला पेट्रोल कमी पडतं आणि गाडी झटके मारते. थोडक्यात, ई-२० नं आधीचा आजार उघडा पाडला.

जुने रबरी होज आणि सील इथेनॉलसाठी बनवलेले नसतील तर ते फुगतात किंवा कडक होऊन चिरतात, हा धोका मात्र खरा आहे. टाकीच्या तळाचा गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. आठवडेच्या आठवडे उभी राहणारी गाडी असेल तर इथेनॉल ओलावा धरून ठेवतं. होज बदला, फिल्टर बदला. पेट्रोलचा वास येत असेल तर तो प्रश्न ताकदीचा नाही, आगीचा आहे.

सीएनजी किट असेल तर अपेक्षा आणखी कमी ठेवा. गॅस सिलिंडरमधली जवळपास दहा टक्के जागा स्वतःच व्यापतो, तेवढी हवा बाहेर राहते. गॅसवर ओढ कमी वाटणं स्वाभाविक आहे. तपासणी पेट्रोलवर चालवूनच करायची.

## मोठा फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर

कंपनीच्याच डब्यात बसणारा चांगला फिल्टर टाकला तर एखाद-दोन टक्के मिळाले तर मिळाले. बोनेटच्या आत उघडा बसवतात तो शंकूसारखा फिल्टर मात्र बहुतेक गाड्यांत तोट्याचा. आवाज झकास येतो, पण तो इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो. ३५ अंशांऐवजी ६० अंशांची हवा आत गेली तर तिची घनता सात टक्क्यांच्या आसपास कमी होते. म्हणजे पैसे देऊन हवा कमी करून घेतली. कंपनीचा डबा आणि बंपरजवळून हवा घेणारी त्याची नळी कुरूप दिसते, पण ती विचारानं बनवलेली असते. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून धुळीत फिरणाऱ्या गाडीला तर घट्ट गाळणाराच फिल्टर हवा. बारीक धूळ आत गेली की रिंगा आणि बोअर घासले जातात.

सायलेन्सरची नळी जास्त रुंद केली की वरच्या फेऱ्यांना थोडे बीएचपी मिळतात, पण खालच्या फेऱ्यांची ओढ जाऊ शकते. जळालेला वायू वेगानं बाहेर पडला तर तो मागच्या वायूला ओढून घेतो, नळी वाजवीपेक्षा रुंद झाली की तो वेग मरतो. आणि आवाजाबद्दल स्पष्टच लिहितो. रात्री अकराला वस्तीतून फटफटत जाणारी गाडी दवाखान्यातल्या पेशंटला आणि अभ्यास करणाऱ्या पोराला त्रास देते.

## रिमॅपनं खरंच किती फरक पडतो?

रिमॅप म्हणजे ईसीयूतले तक्ते बदलणं. टर्बो असलेल्या गाडीत याचा परिणाम मोठा असतो, कारण टर्बोचा दाब वाढवून खरोखर जास्त हवा आत ढकलता येते. स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेलमध्ये ७५ बीएचपी होते आणि त्याच इंजिनाच्या दुसऱ्या रूपात, वेगळ्या टर्बोसह, ९०. म्हणजे इंजिनात जागा होती. डिझेलला रिमॅप करून वीस-पंचवीस टक्के मिळतात ते यामुळेच.

टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत हवा तेवढीच राहते. तिथे ट्यूनर ठिणगीची वेळ थोडी आधी आणतो, पूर्ण पॅडलवरचं मिश्रण नेमकं करतो, पॅडलचा प्रतिसाद तिखट करतो. पाच टक्क्यांच्या आसपास मिळकत धरा. ठिणगी फार आधी आणली तर नॉकिंग येतं, म्हणजे मिश्रण ठिणगीच्या जाळाची वाट न बघता कोपऱ्यात आपोआप पेटतं आणि पिस्टनवर हातोडा पडल्यासारखा आवाज येतो. घाटात, उन्हाळ्यात, गाडी भरलेली असताना हे आधी होतं. जुन्या गाडीत नॉक सेन्सर नसेल तर ईसीयूला पत्ताच लागत नाही आणि पिस्टन फुटतो.

काही जुन्या ईसीयूंत तक्ता पुन्हा लिहायची सोयच नसते. तिथे वेगळा ईसीयू किंवा सेन्सरच्या मध्ये बसणारा बॉक्स लावतात. चांगल्या हातात तो चालतो, पण खर्च गाडीच्या किमतीशी ताडून बघा.

## स्वस्त चिप आणि महाग पेट्रोल

स्वस्त चिपमध्ये बहुधा एक रेझिस्टर असतो. तो हवेच्या तापमानाच्या वायरमध्ये बसवतात, मग ईसीयूला हवा थंड वाटते आणि तो पेट्रोल जास्त देतो. हवा वाढली का? नाही. पेट्रोल जास्त जळतं, प्लग काळे पडतात. ओबीडी सॉकेटमध्ये खोचायच्या काही डब्यांत तर लुकलुकणाऱ्या दिव्यापलीकडे काही नसतं. हे घेऊ नका.

जास्त ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे जास्त ऊर्जेचं नव्हे. ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला विरोध करण्याची क्षमता. तुमचं इंजिन साध्या पेट्रोलवर नॉक करत नसेल आणि ठिणगीची वेळ आपण होऊन आधी आणणारा ईसीयू नसेल तर त्या पेट्रोलनं ताकद वाढणार नाही.

## खरी मोठी वाढ हवी असेल तर

ती हवेच्या वाटेनंच येते. हेडमधल्या वाटा गुळगुळीत आणि योग्य आकाराच्या करणं, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट, कंप्रेशन वाढवणं, टर्बो, किंवा त्याच मालिकेतलं मोठं इंजिन. कंप्रेशनचं प्रमाण नऊवरून दहावर नेलं तर कागदोपत्री तीन टक्के फायदा, आणि नॉकिंगची हद्द जवळ. तिखट कॅम वरच्या फेऱ्यांना इंजिन फुलवतो, पण आयडलिंग लंगडं होतं आणि गावातली ओढ जाते. टर्बोचा ०.४ बार दाब म्हणजे सुमारे चाळीस टक्के जास्त हवा, पण मग चाळीस टक्के जास्त पेट्रोलही लागतं. जुन्या इंजेक्टरांकडे आणि पंपाकडे तेवढी क्षमता नसते. क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर एकेक करून रांगेत उभे राहतात. एक बदल दुसऱ्या चार बदलांना बोलावून आणतो. हौस आहे, पैसा आहे आणि गाडी बंद ट्रॅकवर चालवायची आहे, तर हे करण्यात खूप आनंद आहे. रोज शाहूपुरीतून कागलला जायच्या गाडीला हे करू नका असं माझं ठाम मत आहे.

## ‘अमक्यानं केलंय, त्याला कुणी काही बोललं नाही’

पकडलं गेलं नाही याचा अर्थ कायद्यात बसतं असा होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल अशी फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. त्याच प्रकारचं दुसरं इंजिन बसवायचं तरी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते.

विम्याचा मुद्दा तर याहून जवळचा. कंपनीला न कळवता बदल केला आणि अपघात झाला तर दावा अडू शकतो. काम सुरू करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. पासिंगचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर आधी ते उरका.

## काम द्यायचं ठरवलंच तर

आधी कंप्रेशन आणि ट्रिमचे आकडे दाखवा. ते न बघता रिमॅपचा भाव सांगणाऱ्याकडून उठून या. मूळ मॅपची प्रत आधी काढून तुमच्या हातात द्यायला सांगा. बदलाआधी आणि नंतर डायनोवर, म्हणजे चाकांची ताकद मोजणाऱ्या रोलरवर, एकाच दिवशी मोजणी करून घ्या, कारण सकाळच्या गारव्यात आणि दुपारच्या उन्हात तीच गाडी वेगवेगळे आकडे देते. डायनो मिळत नसेल तर एकाच सपाट रस्त्याच्या तुकड्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ठरावीक वेगापासून ठरावीक वेगापर्यंत किती सेकंद लागतात ते दोन्ही दिशांना, रहदारी नसताना, मोजा. स्टॉपवॉच दुसऱ्याच्या हातात द्या.

आणि इंजिनाआधी ब्रेकवर खर्च करा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यानं त्याचा उकळबिंदू उतरतो. घाट उतरताना पॅडल मऊ पडतं ते यामुळे. ते दर दोन वर्षांनी बदला. डिस्क, पॅड, मागचे लायनर आणि टायरांवरची तारीख बघून घ्या. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. तिथे २३१४ लिहिलेलं असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, आणि त्यावर नक्षी शिल्लक असली तरी तो बदलायचा.